मिरामारच्या किनाऱ्यावरचा हिशेब

पणजी शहरातून मांडवी नदीच्या काठाने निघालेला दयानंद बांदोडकर मार्ग मिरामारच्या चौपाटीपाशी येतो. नदी तेथेच समुद्राला मिळते. या जागेचे जुने नाव गास्पार दियास. चौपाटीच्या कडेला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे आणि समोर, पाण्यापलीकडे, पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधलेला आग्वादचा किल्ला दिसतो. सुट्टीत गोव्याला जाणारी मंडळी संध्याकाळी येथे येतात, वाळूत बसतात, सूर्यास्त पाहून परत जातात. मी या किनाऱ्यावर तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा पहाटेच्या अंधारात, डोक्यावर रबरी टोपी, घोट्याला वेळ मोजणारी चिप आणि दंडावर क्रमांक घेऊन. २०१९, २०२२ आणि २०२३. मधली दोन वर्षे कोविडमुळे शर्यत झाली नाही.

शर्यतीचे नाव आयर्नमॅन ७०.३. म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवून २१.१ किलोमीटर धावायचे. एकूण ११३ किलोमीटर होतात, मैलात सांगायचे तर ७०.३, म्हणून हे नाव. सर्व काही साडेआठ तासांच्या आत व्हावे लागते. मध्ये झोप नाही, जेवण नाही. जे खायचे-प्यायचे ते चालता चालता. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकले नसेल. ऐकले असेल त्यांना हा श्रीमंतांचा छंद वाटत असेल. तसे वाटणे अगदीच चूक नाही. म्हणूनच एका कारकुनाला यात काय मिळाले आणि त्याची किंमत कोणी भरली, हे प्रामाणिकपणे मांडावेसे वाटते.

या खेळाची सुरुवात मोठी गमतीची आहे. हवाई बेटांत अमेरिकी नौदलातील जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी राहत होते. सगळ्यांत तंदुरुस्त कोण, पोहणारा, धावणारा की सायकलस्वार, असा वाद तेथील मंडळींत रंगला. कॉलिन्स यांनी सुचवले की, ओआहू बेटावर या तिन्हींच्या लांब शर्यती आहेतच; त्या एका दिवसात एकापाठोपाठ एक करू या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले आणि बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आला गॉर्डन हॅलर, ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत. दुसऱ्या वर्षी, १९७९ ला, लिन लेमेअर ही पहिली स्त्री उतरली आणि सर्व पुरुषांत मिळून पाचवी आली. ती मूळ शर्यत आमच्या गोव्याच्या शर्यतीच्या दुप्पट असते: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० सायकल, ४२.२ धावणे. आपले मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिचला, पन्नाशीला काही महिने बाकी असताना ती पुरी केली. जपानच्या हिरोमु इनादा यांनी २०१८ साली हवाईत ती पुरी केली तेव्हा त्यांचे वय ८५ होते. तेव्हा चाळिशी उलटली म्हणून खाटेवर पडून टीव्ही पाहण्याचे कारण नाही, एवढे तरी सिद्ध झाले आहे.

मी कल्याणला राहतो. नोकरी कारकुनाची, शिक्षण बी.कॉम. संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना हिशेबाचे विषय शिकवतो. पस्तिशीत रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्याचे धावणे झाले. मग जुनी गिअरची सायकल घेतली. पोहणे मात्र येत नव्हते.

न येण्याचे कारण घरातच होते. गावाकडची पोरे पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उडी घेतात आणि आठवड्यात पोहायला लागतात. माझ्या वडिलांच्या गावी आमच्या लोकांना त्या विहिरीला हात लावण्याची सोय नव्हती; भोपळा बांधून उडी मारणे तर दूरच. वडील आयुष्यभर पाण्याला भीत राहिले आणि ती भीती त्यांनी माया म्हणून आम्हाला दिली. “पाण्यात जाऊ नका रे,” हे वाक्य ऐकत आम्ही मोठे झालो. एकोणचाळिसाव्या वर्षी मी महापालिकेच्या तरणतलावात गेलो तेव्हा शेजारी सात-आठ वर्षांची मुले शिकत होती. त्यांच्यातल्या एकाने मला विचारले, “काका, तुम्हाला पण भीती वाटते?” मी होय म्हणालो. चार महिने लागले, पण श्वास बसला.

२०१९ साली पहिल्या शर्यतीत मला ७ तास ३१ मिनिटे लागली. २०२२ साली ७ तास २ मिनिटे. मग डोक्यात एकच किडा शिरला: सात तासांच्या आत. वाचकहो, हा दोन मिनिटांचा मोह मला फार महाग पडला. त्याचीच ही हकीकत.

सन २०२३ ची शर्यत ८ ऑक्टोबरला, रविवारी होती. तयारी फेब्रुवारीपासून सुरू केली. मंगळवार-गुरुवार तरणतलाव, बुधवार-शनिवार धावणे आणि रविवारी पहाटे चारला उठून कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि शक्य झाल्यास माळशेजच्या पायथ्यापर्यंत सायकल. आठवड्याला दहा तास. दहा तास आकाशातून पडत नाहीत. ते कोणाकडून तरी घ्यावे लागतात. मी ते घरातून घेतले. रविवारचे दळण, बाजार, धाकट्याचा अभ्यास पत्नीकडे गेला. अभ्यासिकेत मला यायला उशीर होऊ लागला तेव्हा दार उघडून मुलांना बसवण्याचे कामही तिनेच अंगावर घेतले. प्रवेशशुल्क वीस हजारांहून अधिक होते. ते भिशीच्या पैशांतून भरले. ती भिशी स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लावलेली होती. पत्नी एवढेच म्हणाली, “भरा. पण घरी धडधाकट यायचं.”

तिसऱ्या खेपेला ती आणि मुलगी माझ्याबरोबर आल्या. धाकटा आजीकडे राहिला. रात्रीची कोकणकन्या धरली. सायकलची चाके काढून ती खोक्यात बांधलेली, डब्यातल्या एका आजोबांनी विचारले, “दुरुस्तीचं सामान का?” मी म्हणालो, “होय, स्वतःच्याच दुरुस्तीचं.” सकाळी करमळीला उतरलो. पणजी तेथून जवळच. राहायला स्वस्तातली खोली मिळाली. आदल्या दिवशी सायकल नेऊन ठरलेल्या क्रमांकाच्या दांडीला टांगावी लागते. तेथे माझ्या सायकलीच्या दोन्ही बाजूंना अशा सायकली होत्या की, एकेकीच्या किमतीत आमच्या ओट्यासकट अख्खे स्वयंपाकघर झाले असते. पण दांडीवर क्रमांक लावला की सगळ्या सायकली एका रांगेत येतात. हे मला तिन्ही वेळा बरे वाटले.

पहाटे मिरामारला गर्दी असते, तरी आवाज कमी असतो. प्रत्येक जण आपापल्याशी बोलत असतो. सूर्य वर येता येता थोड्या थोड्या जणांना पाण्यात सोडतात. ऑक्टोबरात येथले पाणी कोमट असते, त्यामुळे थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख घालायला परवानगी नसते. तो पोशाख अंगाला तरंगवतो; तो नाही म्हणजे सगळा भार आपल्या हातांवर. तरणतलावात तळ दिसतो, भिंत दिसते. येथे तोंड पाण्यात घातले की हिरवट काळोख. दर आठ-दहा हातांनी डोके वर काढून पिवळा-केशरी फुगा कोठे आहे ते पाहायचे, नाहीतर माणूस तिरका जातो आणि १.९ चे सव्वादोन होतात. लाटेत एकाची लाथ चष्म्याला लागली, खारे पाणी डोळ्यात गेले. क्षणभर वडिलांचा आवाज ऐकू आला. मी उताणा झालो, चार श्वास घेतले, आकाश पाहिले आणि पुन्हा पालथा झालो. ४६ मिनिटांत पाय वाळूला लागले. मागच्यापेक्षा एक मिनिट जास्त. काही बिघडले नव्हते.

बिघडले ते सायकलवर. येथे नियम कडक असतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही. पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर ठेवायचे, कारण दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवणे ही येथे चोरी समजतात. रस्त्यावर कचरा टाकायचा नाही. बाहेरच्या माणसाकडून कोणतीही मदत घ्यायची नाही. हे सर्व मी पाळले. पण पहिल्या फेरीत एक पंचविशीचा तरुण मला मागे टाकून गेला आणि मी त्याच्या मागे लागलो. अंतर बारा मीटरचे राखले, पण डोके गमावले. माझ्या मनगटावरचे घड्याळ नाडीचा आकडा दाखवत होते. मी ठरवलेल्या आकड्याच्या तो दहा-बाराने वर होता. घड्याळ खरे सांगत होते आणि मी त्याला खोटे ठरवत होतो.

येथे थोडा हिशेब सांगतो, कारण तो प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. आपल्या शरीरात साखरेच्या रूपात साठवलेली ताकद साधारण ४०० ते ५०० ग्रॅमची, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. सात तासांच्या कष्टाला ती पुरत नाही. वाटेत तासाला ६० ग्रॅमच्या आसपास भर घालता येते. दोन केळी आणि दोन-तीन खजूर एवढी. सवय नसलेले पोट त्याहून फार जास्त सहज पचवत नाही. बाकीची गरज अंगातल्या चरबीतून भागते, पण चरबी सावकाश जळते. तिला घाई चालत नाही. वेग वाढवला की साखरेचा गल्ला रिकामा होतो. दुसरी गोष्ट घामाची. दमट उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून पाण्याबरोबर मीठ-साखर हवीच. आणि वयाचा मुद्दा असा की, चाळिशीनंतर दम तेवढा घटत नाही, जेवढी चूक झाकण्याची ताकद घटते. पंचविशीतला पोरगा उधळपट्टी करून रात्रीत भरून काढतो. सत्तेचाळिशीला उधारी त्याच दिवशी वसूल होते.

सायकल ३ तास १४ मिनिटांत संपली. मागच्या वर्षीपेक्षा ११ मिनिटे कमी. सायकल दांडीला टांगताना मी मनात सात तासांच्या आतला आकडा पाहत होतो.

धावायला निघालो तेव्हा ऊन चढलेले होते. मिरामारच्या परिसरात तीच वाट पुन्हा पुन्हा धावायची असते. रस्त्याच्या कडेला ठराविक अंतरावर पाण्याची टेबले होती. कॉलेजची मुले-मुली ओरडून प्रत्येकाला हाक देत होती. एक मुलगी हातात पेला धरून म्हणाली, “काका, उदक जाय?” कोकणीतला तो प्रश्न कानाला फार गोड वाटला. पाणी प्यालो, डोक्यावर ओतले, टोपीत बर्फ घातला. पाच किलोमीटर बरे गेले. आठव्याला मांड्या दगड झाल्या. दहाव्याला डोके ठणकू लागले. अकराव्या किलोमीटरला एक विचित्र गोष्ट घडली: भर उन्हात माझ्या दोन्ही हातांवर काटा आला. थंडी वाजली.

उन्हात थंडी वाजणे ही गंभीर खूण असते, हे मला माहीत होते. शरीर आपली उष्णता आवरू शकत नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा थांबायचे, सावली धरायची, मानेवर-काखेत बर्फ ठेवायचा, वैद्यकीय मदत घ्यायची. हे मी स्वतः अभ्यासिकेतल्या मुलांना पोलीस भरतीच्या धावण्याआधी सांगितलेले. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आले असेल? मी वजाबाकी करत होतो. उरलेले दहा किलोमीटर कितीने धावले तर कितीला पोहोचेन.

त्याच वळणावर पत्नी आणि मुलगी उभ्या होत्या. पत्नीच्या हातात लिंबू सरबताची बाटली होती. मला ती घेता येत नव्हती. घेतली असती तर शर्यतीतून बाद होण्याची भीती. तिला हा नियम मी आदल्या रात्री सांगितला होता. तिने बाटली पुढे केली नाही. माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, चालत या. आम्ही इथेच आहोत.”

मी चालायला लागलो. पुढच्या टेबलाशी सावलीत बसलो. तेथल्या स्वयंसेवकांनी मानेवर बर्फ धरला, एका डॉक्टर ताईंनी नाडी पाहिली, नाव-गाव विचारले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. पंधरा-वीस मिनिटांनी काटा गेला, घाम परत आला. त्या म्हणाल्या, “चालणार असाल तर जा. धावलात तर मी येऊन थांबवीन.” उरलेली वाट मी चालत काढली. सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ सावकाश धावत मला मागे टाकून गेले. जाता जाता त्यांनी हात वर केला. त्यांनी सकाळपासून एकही मिनिट उधार घेतलेले दिसत नव्हते.

शेवटची रेषा मी ७ तास ४८ मिनिटांनी ओलांडली. पदक मिळाले. हिशेब असा: सायकलवर ११ मिनिटे कमावली आणि धावण्यात ५६ मिनिटे गमावली. पोहण्यातले एक मिनिट धरून मागच्या वर्षीपेक्षा ४६ मिनिटे तोटा. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने लाजेने मान खाली घालावी असा ताळेबंद. पण खोलीवर पडल्या पडल्या मुलीने त्याहून मोठा ताळेबंद काढला. ती नववीत होती. तिने विचारले, “बाबा, तुम्ही पोहायला शिकलात त्याला आठ वर्षं झाली. मग मला का नाही शिकवलंत?” पत्नी म्हणाली, “आणि मला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तीन वेळा समुद्र पोहून आलो, पण वडिलांनी दिलेली भीती माझ्या घरात तशीच जागच्या जागी होती. ती मी फक्त स्वतःपुरती ओलांडली होती.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, मी नाव नोंदवले नाही. आधी ओटा झाला. मग महापालिकेच्या तरणतलावाचा अर्ज आणला, एक नव्हे सात. मुलगी, अभ्यासिकेतल्या पाच मुली आणि चव्वेचाळीस वर्षांची माझी पत्नी. पोहण्याच्या पोशाखावरून दोन घरांत कुरबूर झाली. आयांना तरणतलावावर आणून महिलांची वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक दाखवल्या, मग ती मिटली. सगळ्या मुली महिन्या-दीड महिन्यात तरंगू लागल्या. पत्नीला मात्र वेळ लागला. पहिले पंधरा दिवस ती कठडा सोडत नव्हती. मी वर बाकावर बसून पाहत असे. घड्याळ न लावता. एके संध्याकाळी तिने कठडा सोडला, दहा-बारा हात मारले आणि उभी राहून मागे वळून पाहिले, आपण कोठून निघालो ते.

या खेळाकडे वळू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना आणि माझ्या वयाच्या बंधू-भगिनींना अनुभवाचे चार शब्द सांगतो. मोठ्या शर्यतीच्या खर्चाला भिऊन व्यायाम सोडू नका. चांगले बूट आणि पहाट एवढ्यावर सुरुवात होते. चाळिशीनंतर प्रारंभ करणार असाल तर आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्या. उन्हात थंडी वाजली, डोके गरगरले, घाम थांबला तर आकडा विसरा आणि थांबा. पहिल्या अर्ध्यात हात आखडता ठेवा. आणि घरातून जो वेळ घेता, तो वहीत लिहून ठेवा. ती उधारी आहे, बक्षीस नव्हे. आपल्या गावात, शहरात नगरपालिकेचा तरणतलाव असेल तर तो आपल्याही करातून चालतो. मुलांना, विशेषतः मुलींना, तेथे घेऊन जा.

मिरामारला मी पुन्हा जाणार आहे. आकडा ठरवलेला नाही. पत्नीने मात्र अट घातली आहे: या खेपेला शर्यत संपल्यावर संध्याकाळी ती स्वतः त्या पाण्यात उतरणार, कमरेइतक्या पाण्यापर्यंत. मी किनाऱ्यावर बाटली धरून उभा राहायचे.